तिसरी पुकार

पोस्टकार्ड तिनं मोठ्यानं वाचलं, आणि नाव तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं की ते कोणाचं आहे. आवाज कुठंही अडला नाही. 'दिलीप शमुवेल साळवे, वय एकतीस, राहणार सौसर, आणि कुमारी पुष्पा याकोब लोखंडे, वय चोवीस, राहणार छिंदवाडा, यांचा विवाह योजिला आहे. वराचं नाव अद्याप पांढुर्णा मंडळीच्या पटावर असल्यानं पुकार आपल्याकडेही येत्या तीन रविवारी व्हावी.' शनिवारची दुपार होती. बाहेर संत्र्याचे ट्रक नागपूर रस्त्याला वळताना गिअर बदलत होते आणि दर ट्रकामागे फळीवरची भांडी थोडी थोडी वाजत होती. बाबा खाटेवर बसले होते, तोंड दाराकडे करून, कारण दार म्हणजे आता त्यांच्यासाठी एक पांढरा चौकोन होता आणि तेवढाच त्यांना दिसत होता. मग म्हणाले, "पुढं वाच." पुढं 'प्रभूच्या सेवेत आपला' एवढंच होतं आणि सौसरच्या पाळकसाहेबांची सही. तिनं तेही वाचलं.

प्रेमलता दादाराव गजभिये, वय अठ्ठावीस, मॅट्रिक पास, संत्र्याच्या गोदामात पॅकिंगवर. बाबा पांढुर्ण्याच्या लहानशा मंडळीचे प्रचारक. पाळकसाहेब सौसरहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार बाबांचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून, म्हणजे दीडेक वर्षापासून, उपासनेत कागदावरून जे जे वाचायचं ते ती वाचते: शास्त्रपाठ, आजाऱ्यांची नावं, आणि पुकार. ख्रिस्ती माणसाचं लग्न ठरलं की तीन रविवार ते भर उपासनेत पुकारायचं असतं, आणि पुकारून विचारायचं असतं की कोणाची हरकत आहे काय. विचारून थांबायचं. किती थांबायचं हे कुठं लिहिलेलं नाही. पाळकसाहेब मान वर करून एकदा इकडून तिकडे पाहतात, झालं. बाबांचा नियम वेगळा. प्रभूची प्रार्थना मनातल्या मनात पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत म्हणून होईल इतका वेळ गप्प उभं राहायचं. "हरकत घेणाराले उठाले दम लागते," बाबा म्हणत. "गरिबाले जास्त लागते."

फेब्रुवारीत तिची स्वतःची पुकार झाली होती, याच दिलीपशी. आपली पुकार आपण वाचायची नसते, म्हणून बाबांनी ती आठ दिवस घोकून पाठ केली होती आणि डोळे मिटून म्हटली होती, जणू डोळे उघडे असते तर त्यांना काही दिसणार होतं. पहिल्या रविवारी त्या शांततेत ती जमिनीवर अंथरलेल्या सुती दरीवर बायकांमध्ये बसून राहिली होती आणि तिच्या कानात रक्त वाजत होतं. दुसऱ्या रविवारी दिलीपची आई सौसरहून मुद्दाम आली. उपासना झाल्यावर घरी जेवण होतं, आणि बाबांच्या भावाचं सगळं घर सून पाहायला नव्हे, सोयरे पाहायला आलं होतं. वामनकाका, लीलाबाई काकू, त्यांच्या तिन्ही सुना, पोरंबाळं. ते सगळे बौद्ध. बाबा एकसष्ट साली येशूकडे गेले, वामनकाका त्याच्या पाच वर्षं आधी बुद्धाकडे, आणि दोघं भाऊ रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसून एकमेकांना नावं ठेवत. दिलीपच्या आईनं वरणभाताचं ताट मांडीवर घेतलं, काकूच्या पदराकडे पाहिलं, पोरांच्या पायांकडे पाहिलं, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हे सगळे निळ्या झेंड्यावाले लग्नाला येतील का हो?" कोणी उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न आहे असं कोणाला वाटलंच नाही. येतीलच. काकू तर म्हणाली, "येऊ म्हणजे? आम्हीच करून राहिलो लग्न!" सौसरच्या मिशनच्या आवारातले हे जुने ख्रिस्ती. लाल कवेलूच्या छपरांची घरं, दाराशी जास्वंद, घरात पायपेटी. त्यांचे पणजोबाही असल्याच महारवाड्यातून उठून गेले होते, बाबांपेक्षा साठ वर्षं आधी, दुष्काळात, पोटासाठी. त्यात लाज काही नाही. लाज याची की साठ वर्षांत माणसाला वाटायला लागतं आपली हाडंही वेगळी आहेत. प्रभुभोजनाच्या मेजावर एकच भाकर मोडायची, एकच पेला तोंडाला लावायचा, आणि घरी येऊन सोयरीक मोजायची ती जुन्याच मापानं. येशूनं बाकीचं सगळं धुतलं असेल. हे माप त्यांनी त्याच्या हाती कधी दिलंच नाही.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी दिलीप बसनं आला. स्टँडवर रसवंतीपाशी उभा राहिला, दोन ग्लास सांगितले, एक तिच्या हातात दिला आणि म्हणाला की आई नाही म्हणते. ती म्हणाली, "अन् तू?" तो म्हणाला, "मी काय म्हणू, आई आहे ती." चरकाचे घुंगरू वाजत होते. तिच्या हातातल्या ग्लासाकडे पाहून तो म्हणाला, "पी ना, बर्फ विरघळून राहिला." आणि ती प्यायली. संपूर्ण ग्लास प्यायली, तळाचं लिंबूसुद्धा. नंतर नऊ महिने ती पुन्हापुन्हा तिथंच परत जात राहिली. त्यानं सोडलं याकडे नाही, आईकडे नाही. आपण तो रस प्यायलो याकडे. फेकायचा होता तोंडावर. निदान ठेवून द्यायचा होता. पण हातात दिलेलं संपवायचं, अशी सवय असते ना घरातली.

पोस्टकार्ड पांढुर्ण्याला आलं तेही त्याच्याच एका लाडिक वाक्यामुळं. तीन वर्षं तो इथल्या कचेरीत बाबू होता, तेव्हा त्यानं मंडळीतलं नाव इकडं आणलं होतं, रविवारी पेटीवर गायचा. बदली होऊन सौसरला परत जाताना नाव न्यायला हवं होतं. तो म्हणाला होता, "राहू दे इथंच, तेवढंच तुझ्याजवळ." मग सगळं मोडलं आणि हे नाव तो विसरला. एखादी छत्री विसरावी तसं. आणि आता मंडळीचा नियम असा की नाव जिथं, पुकार तिथं.

नियम आणखीही होता. तो बाबांनी त्याच संध्याकाळी सांगितला, चहा पिऊन झाल्यावर, कप कुठं ठेवायचा ते चाचपत. "तुमची पुकार दोनदा झाली. तिसरी झाली नाही, पण रद्दही झाली नाही. रद्द कराची तर दोघाच्या सह्या लागतात. तो सहीले आला नाही, मी बोलावलं नाही. म्हणजे कागदावर तू अजून अर्धी त्याची आहे. उभी राहून हरकत घेशील तर ती हरकत चालते. पाळकसाहेबाले लग्न थांबवा लागंल, चौकशी करा लागंल, छिंदवाड्यापर्यंत बोंब होईल." कप तिनं त्यांच्या हातातून घेतला. "घेऊ का मग?" "घे म्हणत नाही. नको म्हणत नाही. तीन रविवार आहेत." एवढं बोलून ते पुन्हा दाराकडे तोंड करून बसले. तीन रविवार. तीनदा ती शांतता, आणि एका शब्दात ते लग्न मोडायची सोय. तिला एकदम भूक लागली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी.

प्रार्थनाघर म्हणजे जुनं सरकीचं गोदाम. चुना कितीदा मारला तरी भिंतींना सरकीचा तेलकट वास आहेच. खाली दरी, पुरुष एकीकडे, बाया एकीकडे. कोणी उशिरा आलं की सगळी रांग न बोलता, न पाहता एक बोटभर, एक बोटभर सरकते आणि जागा होते. पहिल्या रविवारी बावीस माणसं होती. तिनं वाचलं. नाव वाचताना जिभेला ते नाव ओळखीचं लागलं, दाताच्या खड्ड्याला जीभ ओळखते तसं, बाकी काही झालं नाही. 'कोणाची हरकत असल्यास आत्ता बोलावं.' बायांची तोंडं एकदम वर झाली. तिनं प्रार्थना मनात सुरू केली, घाईघाईनं, शब्द ढकलत ढकलत शेवटाला नेली, आणि खाली बसली. बसल्यावर तिला वाटलं, अजून दोन आहेत. हातात दगड ठेवून बसावं आणि मारायची घाई नसावी तसं वाटलं, आणि ते वाटणं चांगलं होतं, हे ती स्वतःशी नाकारणार नव्हती.

उपासना सुटल्यावर बायांनी घेरलं. एकीनं हात दाबला. एक म्हणाली, देवाची इच्छा. दुसरी म्हणाली, देव एक दार लावते तर दुसरं उघडते. देवाच्या इच्छेची या बायांना इतकी बारीक खबर कशी असते, हे तिला कधी कळलं नाही. स्वतःच्या नवऱ्याच्या मनातलं यांना कळत नाही, आणि देवाचं कळतं. शास्त्रात लिहिलं आहे की मोडलेल्या माणसाच्या तो जवळ असतो. बाबांनी फेब्रुवारीपासून तिला हे इतक्या वेळा म्हणून दाखवलं होतं की शब्द झिजून गेले होते. जवळ म्हणजे किती जवळ? तिगावइतका? पुढचंच स्टेशन, पण पॅसेंजर चुकली तर तेही दूर. की लोधीखेड्याइतका, सौसरच्याही पलीकडं? मार्च-एप्रिलमध्ये ती रोज पहाटे उठून गुडघे टेकत होती. गुडघ्यांना फरशीचा गारवा लागायचा, तेवढंच उत्तर. मे महिन्यात तिनं गुडघे टेकणं सोडलं, आणि कोणालाच, वरच्यालाही, काही फरक पडलेला दिसला नाही.

गोदामातलं काम बरं होतं, कारण ते हातांचं होतं. भाताच्या पेंढ्याचा थर, कागदात गुंडाळलेलं फळ, पुन्हा फळ, पुन्हा पेंढा, वर फळ्या, खिळे. सालीचं तेल नखांच्या चिरांत जाऊन झोंबायचं, आणि झोंबणाऱ्या बोटांनी ती दिवसाला साठ पेट्या भरायची. फळ हाताला कळतं. वरून झकास, चकचकीत, आणि देठापाशी अंगठा जरासा टेकवला की आत काही तरी मऊ हलतं; ते बाजूला टाकायचं. नत्थूजी मुकादम तिच्या पेटीला कधी हात लावत नसे. "मॅट्रिक पास पेटी आहे थे, तिले तपासाची गरज नाई," असं म्हणून पुढं जायचा आणि बाया हसायच्या. तीन वर्षं दिलीप तिच्या हाताशी होता. अंगठा तिनं कधी टेकवलाच नव्हता. माणसाला टेकवायचा असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि खरं म्हणजे तो नासकाही नव्हता. तेवढं असतं तरी बरं होतं. तो साधा होता, भित्रा होता, आईच्या ताटातला होता, आणि गायचा चांगला. असल्या माणसासाठी आपल्याला इतकं दुखतं, याचाच तिला राग होता.

मंगळवारी लीलाबाई काकू आली, डोक्यावर सरपणासाठी कापसाच्या वाळक्या पराट्यांचा भारा, तो दारात टाकला आणि त्याच्यावरच बसली. "मी ऐकलं थे खरं का वं? त्याचं नाव तुयाच तोंडून वाचाले लावून राहिले?"

"हाव."

"अन् तू वाचून राहिली?"

"मीच वाचते सगळं."

"तुया बापाले लाज नाई. दादाराव, ओ दादाराव! ऐकून राहिले का? तुमचे डोळे गेले, अक्कल बी गेली का?" बाबा खाटेवरून म्हणाले, "अक्कल तुमच्या घरी पाठवली होती लीलाबाई, वामनानं परत केली." काकू हसली नाही. तिनं प्रेमलताची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "पाह्य, कशी वाळून गेली. आमच्यात ये म्हणते मी. आमच्यात पुकार नाई न् काई नाई. मोहगावचा पोरगा आहे, शाळेत मास्तर, पहिली मेली त्याची, लेकरू नाई. पंचशील म्हणलं की झालं लगन. तुया येशू काय करून राहिला एवढे महिने? सांग ना. काय करून राहिला?"

"मले काय माहीत."

"तर मंग उभी राह्य अन् सांग भर सभेत. हा माणूस माया आहे, दोन पुकारा झाल्या, मी नाई सोडत म्हण. त्याच्या मायच्या जास्वंदीले आग लागली पाह्यजे. आम्ही येऊ मागं बसाले."

"अन् मंग तो माझ्याशी लग्न करंल?"

काकूनं हनुवटी सोडली. "त्याच्याशी कोण कराले सांगून राहिलं? तो गेला खड्ड्यात. पण त्याचं बी होऊ नये." एवढी सरळ गोष्ट नऊ महिन्यांत तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. त्याचं बी होऊ नये. तिनं ते वाक्य आतल्या आत उचललं आणि दोनतीन दिवस जवळ बाळगलं. ऊबदार होतं ते, राखेतल्या निखाऱ्यासारखं.

दुसऱ्या रविवारी तिनं आणखी चांगलं वाचलं. आवाज भरला होता. शांतताही तिनं भरपूर लांबवली, आणि त्या लांबीत पुरुषांच्या बाजूला दिलीपचा जुना मित्र गुणवंता अस्वस्थ होऊन पेटीच्या पट्ट्या पुसायला लागला, तेही तिनं पाहिलं आणि तिला ते आवडलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं तर. शब्द तिच्या हातात आहे, हे ठाऊक होतं. आता एकच रविवार.

बुधवारी तिनं सुट्टी टाकली आणि सौसरची बस धरली. कशाला, ते ठरलं नव्हतं. बाबांना सांगितलं, काम आहे. ते म्हणाले, बरं. दीड तास खिडकीतून संत्र्याचे बाग, वेचणीच्या बाया, कापसाच्या गाड्या, पुन्हा बाग. मनात ती त्याच्याशी बोलत होती. त्याला आधी घाम फोडत होती, मग रडवत होती, मग नको म्हणत होती. कचेरी तिनं लगेच शोधली. खिडकीतून तो दिसला, डबा खात होता, अंगात नवा चॉकलेटी स्वेटर, कोणी तरी हातानं विणलेला, आणि शेजारचा बाबू काही सांगत होता त्यावर तो तोंडात घास असताना हसत होता. घास सांभाळत हसायची त्याची ती जुनी रीत, मान मागं टाकून. ती तिथं कडुलिंबाखाली उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस बरा आहे. त्याला काही झालेलं नाही. नऊ महिने ती ज्याच्याशी भांडत होती तो या खोलीत नव्हताच. हा दुसरा कोणी होता, भाजी-पोळी खाणारा. याला घाम फोडून, रडवून तिला काही मिळणार नव्हतं. तरी बोलता आलं असतं. तिच्या पायांनी तिला विचारलं नाही, ते वळले.

परतीची बस साडेतीनला होती. बसायला कुठं जावं म्हणून ती मिशनच्या आवारातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शिरली, कारण आठवडाभर ते उघडंच असतं. इथं दरी नाही, बाकं आहेत, पॉलिश केलेली, लांबलांब, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी देऊळ असं दिसतं जसं जेवणावळ झाल्यावर पटांगण. सुखदेव चौकीदार झाडू मारत होता. "उपासना रविवारी असते बाई." "बसते जराशी." "बसा ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो." ती चौथ्या बाकाच्या मध्यावर बसली. प्रार्थना आली नाही. आणायचा तिनं प्रयत्नही केला नाही. काकूचं वाक्य आलं, तेच तिनं मनात म्हटलं, वेदीकडे बघूनही नाही, पुढच्या बाकाच्या पाठीकडे बघून: काय करून राहिला तू? सांग ना. एवढे महिने काय करून राहिला? शिवी द्यावी तसंच म्हटलं. पुढच्या बाकावर कोणी तरी पोरानं खिळ्यानं बैल कोरला होता, शिंगं मोठी, पाय तीनच. झाडूचा आवाज चालू होता. तिला तो रस आठवला, त्याची थंडी दातांना आठवली, आणि छातीत जे दुखायचं ते दुखायला लागलं, नेहमीच्या जागी, नेहमीइतकंच. ते तिनं दुखू दिलं. किती वेळ गेला तिला कळलं नाही.

सुखदेव झाडत झाडत तिच्या बाकापाशी आला. पाय वर घ्या म्हणाला, तिनं घेतले. मग तो झाडू टेकून उभा राहिला. "कोणी येऊन राहिलं का?"

"नाही."

"मंग इतक्या काठाले काहून बसल्या? पडान ना."

तिनं पाहिलं. ती बाकाच्या मधून निघून पार कडेला आली होती, अर्धी मांडी बाहेर. दरीवर कोणी उशिरा आलं की आपण न पाहता सरकतो, तसं अंग सरकलं होतं. केव्हा, ते तिला माहीत नव्हतं. बाजूला बाकाचा रिकामा, चकचकीत लाकडाचा तुकडा होता, एका माणसाइतका. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिथं काही नव्हतं. उजेड नाही, वास नाही, आवाज तर नाहीच. अंगावर काटा आला नाही. दुखणं होतं तसंच होतं. फक्त आता ते तिला एकटीला धरून बसावं लागत नव्हतं, जड पेटीची दुसरी बाजू कोणी उचलली की हाताला जसं कळतं तेवढंच. तिला वाटलं, शास्त्रातला तो जवळचा, हा इथं आत्ता आलेला नाही. हा रसवंतीपाशीही उभा होता की काय? उन्हात? आपण ग्लास संपवत होतो तेव्हा? हे तिला सुचलं आणि पटलं नाही, आणि तरी ती परत मध्यावर सरकली नाही. सुखदेव म्हणाला, "बसा, बसा," आणि त्या रिकाम्या जागेखालचंही झाडून पुढं गेला. बसमध्ये तिला झोप लागली, इतकी गाढ की पांढुर्ण्याला कंडक्टरनं खांदा हलवून उठवलं.

तिसऱ्या रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. जे कधी नाताळाशिवाय येत नाहीत तेही आले होते, अंगावर इस्त्रीचे कपडे घालून, कुस्ती पाहायला यावं तसे. आणि पहिलं गाणं चालू असताना दारात लीलाबाई काकू उभी राहिली. पंचवीस वर्षांत तिनं हा उंबरा ओलांडला नव्हता. पांढरं धुवट लुगडं, डोक्यावर पदर घट्ट, चपला हातात, चोरी जातील म्हणून. बायांची रांग सरकली. काकू बसली, चपला मांडीखाली घेतल्या आणि प्रेमलताकडे पाहून मान एकदा जोरात हलवली. मी आली आहे, आता बोल.

सूचनांची पाळी आली. तिनं कागद घेतला. 'दिलीप शमुवेल साळवे, वय एकतीस.' नाव नुसतं नाव झालं होतं. 'ही तिसरी आणि शेवटची पुकार. कोणाची हरकत असल्यास आत्ता बोलावं.' आणि ती थांबली. सगळी तोंडं वर होती. बाबा खुर्चीवर बसले होते, मान थोडी वाकडी करून, आंधळे ऐकतात तसे. तिनं प्रार्थना सुरू केली. पहिला भाग गेला. रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत ती गेली. मग क्षमेची ओळ आली, ज्यात आपण दुसऱ्याला केलेली क्षमा देवाला दाखवायची असते, आणि ती तिथं उभी राहिली. मागचे दोन्ही रविवार तिनं ती ओळ ढकलून पुढं नेली होती. आज नेता येईना. कारण तिनं क्षमा केली नव्हती. त्याला नाही, त्याच्या आईला तर नाहीच, आणि चॉकलेटी स्वेटर विणणाऱ्या त्या पोरीलाही, जिचा काही दोष नव्हता. खोटं बोलून पुढं जाता आलं असतं. सगळे जातात. पण बाजूला कोणी बसलेलं असताना खोटं म्हणवत नाही.

वेळ गेला. कोणी खोकललं. गुणवंतानं पेटीवरचा हात काढून घेतला. बाबांची तर्जनी गुडघ्यावर होती. प्रार्थना किती लांब असते ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, आणि ती केव्हाच संपायला हवी होती. त्यांनी बोट उचललं, आणि परत ठेवलं. तिला शब्द दिसत होता, हरकत, तोंडाच्या अगदी कडेला, दातांच्या आत. म्हटला असता तर सुटला असता. त्याचं बी होऊ नये. तो निखारा तिनं शोधला. तो होता, पण विझत आला होता, आणि फुंकायला तिच्यापाशी तेवढा श्वास नव्हता. क्षमा नाही, आणि हरकतही नाही. या दोहोंच्या मध्ये उभं राहायला जागा असते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं ती ओळ सोडली. राहू दे, असं कोणी म्हणालं नाही. पण कोणी उठूनही गेलं नाही. पुढचे शब्द आले, मोह, वाईट, राज्य, आणि आमेन. तिनं कागदाची घडी घातली आणि मोठ्यानं, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हरकत नाही. पुढचं गाणं."

गुणवंतानं पेटी उघडली, त्याचा पहिला सूर चुकला. लोकांचा हिरमोड झाला, तो श्वासातून ऐकू आला. ती दरीकडे आली. काकूचे डोळे भरले होते, रागानं की कशानं ते काकूलाही सांगता आलं नसतं. "काहून नाई बोलली वं?" काकू गाण्याच्या आवाजाखाली पुटपुटली. "मी तर चपला बी तयार ठेवल्या होत्या." आणि रांगेला कोपरानं ढकलत तिनं चांगली ऐसपैस जागा केली, दोघी मावतील एवढी. प्रेमलता त्या जागेच्या कडेला बसली. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी राहिली.

"ये ना वं जवळ," काकू म्हणाली.

"राहू दे काकू," ती म्हणाली. "इथंच ठीक आहे."